सय्यद बाईंचं वेळापत्रक

आष्टीच्या शाळेत मी विज्ञान शिक्षक म्हणून रुजू झालो त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला खुर्चीसुद्धा दाखवली नाही. म्हणाले, "आधी सय्यद बाईंना भेटा. त्यांच्याकडं तुमचं काय ते सांगून या."

बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. चाळिशीच्या अलीकडच्या, उंच, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. मान वर न करता म्हणाल्या, "बसा सर. अट सांगा."

"कसली अट?"

"कोणता तास पायजे, कोणता नको. अन् का. कारणाबिगर अट घेत न्हाई मी."

मी प्रयोगशाळा आदल्या दिवशीच पाहून आलो होतो. सांगितलं, सकाळी तिथं नळाला पाणी नसतं, बारानंतर येतं. तेव्हा प्रॅक्टिकलं जेवणाच्या सुट्टीनंतर हवीत, आणि दोन तास जोडून हवेत. बाईंनी लिहून घेतलं. मग उठल्या, मैदान ओलांडून प्रयोगशाळेत गेल्या, नळ सोडला, त्याची कोरडी शिट्टी ऐकली आणि परत येऊन वहीत माझ्या नावापुढं एक शब्द लिहिला: दगड.

मला वाटलं, हे माझ्याविषयीचं मत आहे.

ते अटीविषयी होतं. बाईंच्या वहीत अटींच्या तीन जाती असत. दगड म्हणजे जी हलतच नाही. लाकूड म्हणजे जी थोडी तासता येते. आणि कापूस म्हणजे जी दाबली तर बसते. आमच्या शाळेत बावीस शिक्षक होते आणि प्रत्येकाला आपली अट दगडच वाटायची. बावीस जणांच्या सगळ्या अटी पाळून वेळापत्रक बसलं, असं एकही वर्ष मला आठवत नाही. बसणारच नव्हतं. बाईंचं म्हणणं साधं होतं: "सगळं बसत न्हाई हे तर खरंच. पण म्हनून कायबी सोडून चालत न्हाई. काय सोडायचं, किती सोडायचं, हे बघावं लागतं. तोडायचं न्हाई, ढिलं करायचं."

सय्यद नसीम बाई मूळच्या जालन्याच्या. घरी उर्दू, शिक्षण मराठीतून, विषय गणित. एक्क्याऐंशी साली आष्टीला आल्या आणि बाजारापलीकडं दोन खोल्या घेऊन आईसोबत राहिल्या. लग्न केलं नाही. का, हे विचारायची हिंमत शाळेत फक्त आमच्या शिपाईमामांनी केली होती. त्यांना उत्तर मिळालं, "मामा, माझ्या अटी जास्ती होत्या."

वेळापत्रकासाठी त्यांच्याकडं एक मोठा पुठ्ठा होता, त्यावर चौकटी आखलेल्या. प्रत्येक शिक्षकाचं एक बी ठरलेलं. मुख्याध्यापक सुपारी, मी हरभरा, इतिहासाचे सर तूर, मराठीच्या बाई चिंचोका. व्यायामाच्या सरांना एरंडी मिळाली होती, त्यांनी तक्रार केली, "बाई, मलाच एरंड का?" बाई म्हणाल्या, "तुम्ही कोणत्याबी वर्गात घसरून बसता म्हनून." पुठ्ठा मांडला की खोलीतला पंखा बंद, खिडक्या बंद. जूनच्या उकाड्यात घामानं भिजलेल्या बाई एकेक बी उचलून ठेवत, ओठांशी काहीतरी पुटपुटत. एकदा कुणीतरी खिडकी उघडी ठेवली आणि एका चिमणीनं सातवी ब चा आठवड्याचा इतिहास खाऊन टाकला. बाईंनी तुरीचे नवे दाणे ठेवले आणि म्हणाल्या, "तिचीबी काहीतरी अट असंल."

एक शब्द मात्र त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. 'अ‍ॅडजस्ट.' कुणी म्हणालं, "बाई, करा की कुठंतरी अ‍ॅडजस्ट," की त्यांच्या हातातली पेन्सिल थांबायची.

"अ‍ॅडजस्ट म्हंजे काय ते सांगू? ज्याचा आवाज बारीक, त्यानं सोडायचं. त्याला अ‍ॅडजस्ट म्हनतात."

हिंदीचे गायकवाड सर परतूरहून रोज येत. त्यांची अट होती, पहिला तास नको, गाडी अकरा-दहाला पोचते. बाईंनी अट लिहून घेतली, पण जात लिहिली नाही. पुढच्या सोमवारी गायकवाड सर परतूरला गाडीत चढले तर मागच्या सीटवर सय्यद बाई बसलेल्या. आदल्या दिवशी कुणा नातलगाकडं मुक्कामाला गेल्त्या म्हणे. सर घाबरून सगळी वाट खिडकीबाहेर बघत राहिले. गाडी फाट्यावर थांबली, बाईंनी घड्याळ पाहिलं, आणि शिक्षकखोलीत येऊन सर्वांसमोर, पण जराही न चिडता म्हणाल्या, "गायकवाड सर, गाडी दहा-पन्नासला येते. चहा अकरा-दहाला संपतो. गाडी दगड. चहा कापूस." सगळी खोली हसली, गायकवाड सरही. पण बाईंनी त्यांना पहिला तास आठवड्यातून तीनदाच दिला. "चहाबी पायजे माणसाला," एवढंच त्यावर म्हणाल्या.

एका पावसाळ्यात जुन्या इमारतीच्या तीन खोल्यांचे पत्रे उडाले. चौदा तुकड्या, अकरा खोल्या. मुख्याध्यापक दुपारपाळी काढायच्या विचारात होते. तसं केलं तर लांबून येणाऱ्या मुलांचे हाल. बाई दिवसभर शाळेभोवती फिरल्या आणि संध्याकाळी येऊन विचारलं, "हरेक तुकडीला स्वतःची खोली पायजेच, ही अट कुनी घातली?"

कुणीच घातली नव्हती. ती नुसतीच होती.

पुढचे चार महिने आमच्या शाळेत कोणत्याही तुकडीला स्वतःची खोली नव्हती. कोणत्याही तासाला तीन तुकड्या मैदानावर, प्रयोगशाळेत किंवा चित्रकलेला व्हरांड्यात असत. घंटा झाली की पोरं दप्तरं घेऊन मुंग्यांसारखी इकडून तिकडं जात. शिक्षक कुरकुरले, पण एकाही मुलाचा एकही तास बुडाला नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक ते बघायला आले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी छाती फुगवून सगळी शाळा दाखवली. बाई त्या वेळी व्हरांड्यात सहावीला अपूर्णांक शिकवत होत्या. पाहुण्यांकडं त्यांनी पाहिलंही नाही.

बाईंचं कधी चुकलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. एक चूक मी डोळ्यांनी पाहिली. भूगोलाच्या शिंदे बाई बाळंतपणाची रजा संपवून आल्या होत्या. त्यांनी अट सांगितली, चौथा तास मोकळा मिळाला तर बरं होईल, घरी जाऊन येता येईल. कारण विचारलं तर म्हणाल्या, "तसं काही न्हाई, जमलं तर बघा." बाईंनी कापूस लिहिला आणि त्या वर्षी तो दाबला. ऑगस्टमध्ये एक दिवस शिंदे बाई पदर ओढून घेत शिक्षकखोलीत आल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या. पुढून सगळं भिजलेलं. घरी पाच महिन्यांचं लेकरू. आम्ही पुरुष मंडळी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा पुन्हा टेबलावर. मध्येच वेळापत्रक बदलायचं म्हणजे सगळ्या शाळेची घडी विस्कटायची. मुख्याध्यापक नको म्हणाले. बाई तीन दिवस बसल्या, स्वतःचे दोन मोकळे तास घालवले आणि चौथा तास सोडवला. मग सर्वांसमोर शिंदे बाईंना म्हणाल्या, "माझं चुकलं. तुम्ही हळू बोलल्या अन् मी हलकं समजले." त्या वर्षापासून अटी ऐकायच्या रांगेचा नियम बदलला. जो सर्वांत कमी बोलतो, त्याला बाई सर्वांत आधी बोलवायच्या आणि त्याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ गप्प बसायच्या.

आता ज्या वर्षाचं सांगायचं म्हणून हे सगळं सांगतोय, ते नव्वदच्या दशकाच्या अखेरचं. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली आमच्याकडं आठवीपासून येत. त्यांच्या गावांकडं जाणारी शेवटची गाडी सव्वाचारला होती आणि शाळा सुटायची पाच-दहाला. आदल्या वर्षी सहा मुलींची नावं कमी झाली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई त्या सहाही घरी गेल्या. एका मुलीचे वडील म्हणाले, "बाई, शिकवायला ना न्हाई. पन पोरगी अंधारात वाट चालनार न्हाई." बाई म्हणाल्या, "सव्वाचारच्या गाडीत बसंल. ही माझी जबान."

सहाही मुली परत आल्या, आणखी काही नव्या आल्या. आहेत त्या चौदांतच आठवी, नववी, दहावीची मुलींची एकेक तुकडी झाली. त्यांची शाळा सकाळी लवकर भरवून चारला सोडायची, असं ठरलं.

ठरलं, पण बसेना. दोन आठवडे झाले. बाई रोज पुठ्ठा मांडत आणि रोज कुठंतरी एक बी हातात उरे. आज गणिताचं, उद्या हिंदीचं, परवा व्यायामाचं. जिथं उरे, तिथल्या शिक्षकावर सगळे चिडत. संस्थेचे सचिव आबासाहेब, तसे भले गृहस्थ, एक दिवस येऊन म्हणाले, "बाई, सोमवारपर्यंत वेळापत्रक लावा. न्हाई बसलं तर सगळी शाळा पाच-दहाला सुटंल. मुलींचं बघू पुढच्या साली."

"पुढच्या साली मुली नसतीन आबासाहेब."

"मंग मी काय करू? गाडी माझ्या हातात हाय का?"

त्याच वर्षी शाळेला एक संगणक मिळाला होता. प्लास्टिकचं झाकण घालून तो मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवला होता, सणावाराला हळदीकुंकू लागायचं. बाईंची जुनी विद्यार्थिनी सुनीता, गावातल्या किराणा दुकानदाराची मुलगी, औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "बाई, मी प्रोग्रॅम लिहिते. तुमच्या सगळ्या अटी मला सांगा."

बाईंनी वही वाचून दाखवली, सुनीतानं दोन दिवस बसून सगळं यंत्रात घातलं. मधून मधून वीज जायची आणि पुन्हा सुरुवात. शनिवारी दुपारी आबासाहेब, मुख्याध्यापक, आम्ही पाचसहा जण, सगळे यंत्राभोवती उभे. सुनीतानं बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली. मग पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. सुनीताचा चेहरा पडला.

"उत्तर न्हाई म्हणतंय, बाई."

आबासाहेब म्हणाले, "झालं. मशीनच 'न्हाई' म्हनून राह्यली, तर मंग आपन कोन?" आणि पंचाचा निकाल लागावा तसे उठले.

पण बाई हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाल्या, "आबासाहेब, बसा जरा. पहिल्यांदा कुनीतरी खरं बोललं. बसत न्हाई हे मी अठरा वर्षं सांगून राह्यले, कुनी मानत नव्हतं." मग सुनीताकडं वळून म्हणाल्या, "बेटा, बसत न्हाई हे कळलं. आता हिला विचार, भांडन कुनाकुनात हाय?"

"म्हणजे?"

"सगळ्या अटी भांडत न्हाईत. घरात वीस मानसं असली तरी भांडन दोघाचौघांचं असतं, बाकीचे नुसते आवाज करतात. एकेक अट काढत जा. काढल्यावरबी न्हाईच म्हनली, तर त्या अटीचा या भांडनात हात न्हाई. तिला बाजूला बसव. जी काढली की हो म्हनती, ती भांडनातली. तिला परत ठेव अन् पुढं चल."

सुनीता वही घेऊन यंत्रासमोर सरकली. मग कामाला लागली. एकेक अट काढायची, यंत्राला विचारायचं, 'न्हाई' आलं की वहीत फुली. गायकवाड सरांच्या गाडीवर फुली. मराठीच्या बाईंच्या गुडघ्यांवर फुली, त्यांना वरच्या मजल्यावर सलग तास नको होते. दोन आठवडे ज्यांच्यावर आम्ही चिडलो होतो, त्या सर्वांवर फुल्या पडत गेल्या. रविवारी दुपारी वहीत चार ओळी उरल्या. आम्ही सगळे पुन्हा जमलो आणि सुनीतानं त्या मोठ्यानं वाचल्या. मुलींच्या तुकड्या चारला सुटतात. प्रयोगशाळा एकच आहे. मुलींच्या प्रत्येक तुकडीला आठवड्याला दोन प्रॅक्टिकलं. आणि प्रॅक्टिकलं जेवणाच्या सुट्टीनंतर, जोडतासातच.

हिशोब पोरखेळाचा होता. सुट्टीनंतर दिवसाला दोन जोडतास. त्यातला दुसरा पाच-दहाला संपणारा, म्हणजे मुलींच्या उपयोगाचा नाही. पहिला राहिला. शनिवारी शाळा सकाळची, म्हणजे आठवड्याला पाच. आणि तीन तुकड्यांना हवे सहा. पाच खाटा, सहा पाहुणे. बाकी वेळापत्रक कसंही हलवा, सहावा उभाच राहणार होता.

पहिल्या तीन ओळी कुणाच्याच हातात नव्हत्या. चौथी माझी होती.

खोलीतले सगळे माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "पण सकाळी पाणी..." आणि तिथंच मला टाकी आठवली. शाळेच्या गच्चीवर सिमेंटची टाकी बांधून सात वर्षं झाली होती. सकाळी आठलाही प्रयोगशाळेच्या नळाला धो धो पाणी असे. मी रोज त्याच पाण्यानं हात धूत होतो. अट मात्र दर जूनला तशीच सांगत होतो आणि बाई ती तशीच लिहून घेत होत्या.

मला वाटलं, बाई आता चारचौघांत मला उभं करतील. त्या म्हणाल्या, "सर, चूक निम्मी माझी. दगड म्हनून एकदा लिहिलं अन् परत नळ सोडून बघितला न्हाई."

"मग मी अट सोडतो, बाई. सगळी सोडतो."

"सगळी कशाला? जोडतास बराबर हाय तुमचा, प्रयोग अर्धा सोडून पोरी उठतीन का? दुपारचंबी चालू द्या. एक सकाळ ढिली करा. आठवड्यातून एक."

एक सकाळ. शनिवारची. नववीच्या मुलींचं एक प्रॅक्टिकल मी शनिवारी सकाळी घेईन, असं म्हणालो. सुनीतानं तेवढं बदललं आणि बटण दाबलं. घरघर झाली आणि पडद्यावर वेळापत्रक उभं राहिलं. चौदाच्या चौदा तुकड्या, एकही चौकट रिकामी नाही. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. आबासाहेब पुन्हा पुन्हा पडद्याला हात लावून बघत होते.

नंतर मी बाईंना एकट्यांना गाठून विचारलं, "तुम्हाला आधीच शंका आली होती ना, माझीच अट आडवी येतेय म्हणून?"

"आल्ती."

"मग बोलला का नाहीत?"

"शंका येती म्हनून कुनाला सोड म्हनायचं का? दाखवता आलं पायजे. आज दाखवता आलं."

सोमवारी वेळापत्रक लागलं. सव्वाचारच्या गाडीच्या खिडक्यांतून निळ्या-पांढऱ्या गणवेशाच्या मुली बाहेर डोकावत गेल्या. त्या वर्षी एकाही मुलीचं नाव कमी झालं नाही. ज्या वडिलांना बाईंनी जबान दिली होती, त्यांची मुलगी पुढं आमच्याच शाळेत गणित शिकवायला आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी संगणकातून छापलेलं वेळापत्रक पाहून संगणकाचं फार कौतुक केलं. आम्हाला राग आला. बाईंना आला नाही. म्हणाल्या, "करू द्या. तिनं 'न्हाई' म्हनायची हिंमत तरी केली."

सुनीता पुढं पुण्याला एका कंपनीत लागली. दवाखान्यांच्या, कारखान्यांच्या पाळ्या बसवायचे प्रोग्रॅम ती लिहिते. एकदा गावी आली तेव्हा मला म्हणाली, "सर, आम्ही अडलो की मी पोरांना म्हणते, आधी भांडण कुणाकुणात आहे ते शोधा. त्यांना वाटतं हे मी कुठल्या परदेशी पुस्तकात वाचलंय." हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. माझीही झाली. आमच्या शिक्षकखोलीच्या कोपऱ्यातून निघालेली गोष्ट कुठल्या कुठं पोचली होती, आणि त्या खोलीत मीही बसत होतो.

बाई निवृत्त होऊन जालन्याला भावाकडं गेल्या. आई तोवर गेली होती. दोनेक वर्षांनी मी एका लग्नासाठी जालन्याला गेलो होतो, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या घरी गेलो. घरी कुणी नव्हतं. शेजारणीनं हातानं दाखवलं, "आपा मैदान पे हैं."

मैदानाच्या कडेला जाऊन पाहतो तर सय्यद बाई स्कूटीवर. साठी ओलांडलेल्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला, मागं भाची ओरडत पळतेय. मला पाहून बाईंनी हात वर केला. गाडी डुगडुगली, पण पडली नाही.

"सर! कधी आले?" एवढं विचारेपर्यंत त्या माझ्यासमोरून निघून गेल्या.

मैदानाला पूर्ण फेरा मारून परत आल्या. मी म्हणालो, "आत्ताच आलो. तब्येत कशी आहे?"

"एकदम..." आणि पुन्हा गेल्या.

तिसऱ्या फेरीला मी ओरडलो, "बाई, थांबा ना जरा!"

"थांबायचं अजून शिकले न्हाई!" बाई जाता जाता ओरडल्या. भाची दमून माझ्याशेजारी बसली. चौथ्या फेरीला बाईंनी मैदानात वळायच्या ऐवजी गाडी सरळ फाटकातून बाहेर घातली आणि अंबडच्या रस्त्याला लागल्या. पाठ ताठ, नजर समोर. मी आणि भाची फाटकापर्यंत धावलो. लांबवर एक ट्रक आपला वेग कमी करून त्यांना वाट देत होता.